निवळायला ठेवलेलं पाणी

पवळेकाकांना कुणी "बसा" म्हटलं की ते निघायची तयारी करायचे. चहा उभ्याने प्यायचे, पोळीची गुंडाळी चालता चालता खायचे आणि सही कागद भिंतीला लावून करायचे. धरणावरच्या त्यांच्या खोलीत एकच खुर्ची होती आणि तिच्यावर त्यांनी रिकाम्या बाटल्यांचा खोका ठेवून दिला होता. पहिल्या दिवशी मी विचारलं, "काका, मी कुठे बसू?" तर म्हणाले, "बसायला आलीस का? मग देवासलाच बसायचं होतं ना, भिया."

मुलीला "भिया", म्हणजे भाऊ, म्हणणारे मला ते पहिलेच भेटले. मी देवासची हे त्यांनी माझ्या दोन वाक्यांत ओळखलं होतं. तेही देवासचेच. पण आमच्यात एक फरक आहे असं त्यांचं ठाम मत होतं आणि तो त्यांनी मला लगेच समजावून दिला. माझे वडील कारखान्यात नोकरी लागली म्हणून महाराष्ट्रातून आले, तेव्हा आम्ही "कारखानी मराठी". त्यांचे पूर्वज दरबाराबरोबर आलेले गवंडी, तेव्हा ते "दरबारी मराठी". "तुम्ही लोक रेल्वेने आले, आम्ही घोड्याच्या मागे पायी आलो. म्हणून आमचे पाय अजून थांबत नाहीत," असं ते म्हणायचे, आणि हे सांगतानाही खोलीच्या दारातून बाहेर पडलेले असायचे.

धरणाचं नाव मी सांगत नाही. मनावरहून कुक्षीकडे जाताना आत वळलं की एका लहान नदीवर मातीची लांब भिंत आहे, एवढं पुरे. ती नदी पुढे नर्मदेला मिळते. पवळेकाका तिथे सरकारी खात्यात उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ अभियंता, होते, निवृत्तीला काही महिने उरलेले. मी इंदूरच्या एका लहानशा कंपनीत काम करते. जमिनीत वीज सोडून आतली ओल शोधणारं आमचं यंत्र आहे, ते घेऊन मी तिथे गेले होते. भिंतीच्या पायथ्याशी चाळीस-एक घरांचा फळिया होता. निमाडात वस्तीला फळिया म्हणतात. पवळेकाका रोज सकाळी त्या फळियातून एक फेरी मारायचे आणि पहिल्या घराच्या अंगणात झमकूबाई नावाची म्हातारी त्यांना रोज म्हणायची, "बठो नी, बाबूजी." ते रोज म्हणायचे, "कल बैठूंगा."

एकदा परत येताना ते मला म्हणाले, "हे वरचं पाणी तिच्या अंगणात पोचायला किती वेळ लागेल, मी मोजलंय. तेवढ्यात ती खाटेवरून खालीसुद्धा उतरत नाही." त्यांचा चालण्याचा वेग मला त्या दिवशी कळला.

मातीचं धरण गळतंच. ऐकणाऱ्याला हे भयंकर वाटतं, पण त्यात भिण्यासारखं काही नसतं. भिंतीतून पाणी झिरपतं, पायथ्याच्या नालीत येतं आणि एका पत्र्याच्या खाचेतून पडतं. खाचेत किती पाणी चढलं ते पाहिलं की गळती मोजता येते. खरा प्रश्न किती पाणी येतं हा नसून कसं येतं हा असतो. स्वच्छ आलं तर धरणाला फक्त घाम येतोय. गढूळ आलं तर पाणी आतून माती उचलून आणतंय, म्हणजे धरण आतून पोकळ होतंय. पवळेकाका हे एका वाक्यात सांगायचे: "पाणी गेलं तर जाऊ दे, माती जायला नको."

म्हणून बाटल्या. रोज सकाळी ते खाचेखाली एक काचेची बाटली भरायचे, तिच्या गळ्याला तारखेची चिठ्ठी दोऱ्याने बांधायचे आणि ती खिडकीत ठेवायचे. दिवसभर तिला कुणी हात लावायचा नाही. संध्याकाळी उन्हाच्या शेवटच्या तिरिपेत ते बाटली डोळ्यांसमोर धरायचे, तळ पाहायचे, आणि भिंतीला नोंदवही लावून एकच शब्द लिहायचे: "निर्मळ". मग पाणी दारातल्या तुळशीला. खात्यातले बाकी सगळे हिंदीत लिहायचे, यांचा हा एक शब्द मराठीत. साहेब लोकांनी एकदा विचारलं तर म्हणाले, "पेट का मामला है साहब, अपनी भाषा में ही समझ आता है." तीस वर्षांच्या वह्या होत्या. सगळ्यांत तोच शब्द, तसाच, किंचित उजवीकडे झुकलेला. गावात त्यांना शीशीवाले बाबूजी म्हणायचे आणि त्यात टिंगल आणि आदर अर्धाअर्धा होता.

जुन्या पद्धतीचा माणूस म्हणजे यंत्रांचा शत्रू, असं वाटत असेल तर तसं अजिबात नव्हतं. धरणाच्या पोटात पाण्याचा दाब मोजणारी पाच यंत्रं पुरलेली होती आणि काका त्यांच्यावर सख्ख्या नात्यासारखा जीव टाकायचे. त्यांची नावंही नात्यांचीच होती. ती ठेवली होती त्यांच्या पत्नीने, मालतीकाकूंनी, देवासला बसून, फोनवर नवऱ्याच्या तक्रारी ऐकून ऐकून. एक नंबरचं यंत्र वर्षानुवर्षं एकच आकडा दाखवायचं, ते मामंजी. तीन नंबरचं जरा काही झालं की चढायचं, त्या वन्सं. पाच नंबरचं ऊन असेल तेव्हाच चालायचं, ते भावोजी. रोज सकाळी काकूंचा फोन यायचा आणि काका फोन कानाला लावून बांधावरून ओरडायचे, "वन्सं आज जास्तच वर आहेत!" काकूंच्या खऱ्या नणंदेला हे कुणीतरी सांगितलं आणि ती दोन वर्षं दिवाळीला आली नाही.

मी जायच्या आधी उन्हाळ्यात धरणाला एक मोठा उपचार झाला होता. भिंतीत ओळीने भोकं पाडून त्यात सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरलं होतं, ग्राउटिंग म्हणतात ते. पावसाळ्यानंतर तलाव भरला आणि खाचेतलं पाणी थेट अर्ध्यावर आलं. खात्यात आनंदीआनंद. पायथ्याशी समारंभ ठरला. मांडववाल्यांनी लोखंडी खुंट्या धरणाच्या उतारावर ठोकायला सुरुवात केली तेव्हा पवळेकाका धावत गेले आणि घणाखाली स्वतःचा हात धरून उभे राहिले. "पेट में कील ठोकोगे? मेरे हाथ में ठोको." शेवटी मांडव वाळूच्या पोत्यांना बांधला. वारा सुटला, मांडव उडाला, आणि हारांसकट पाहुण्यांच्या अंगावर येऊन पडला. मोठे साहेब त्या कापडातून बाहेर येऊन पहिलं वाक्य बोलले ते "पवळे कहाँ है?" पवळे खाचेपाशी होते, पाणी पाहत.

सगळे खूश होते आणि या माणसाचा जीव थाऱ्यावर नव्हता. "अर्धं झालं, अर्धं झालं म्हणतात. अगं, पण उरलेलं अर्धं गेलं कुठं?" हा एक प्रश्न ते दिवसातून वीस वेळा विचारायचे. मला, माझ्या गाडीचा चालक कैलास याला, वन्संना. मी सांगायची, "काका, भोकं बुजली. पाणी तलावातच थांबलं." ते म्हणायचे, "पाणी थांबत नसतं ग पोरी. माझ्यासारखं असतं ते. एक दार लावलं की दुसरं शोधतं."

माझं यंत्र बोलवलं होतं तेही उपचार यशस्वी झाला असं कागदावर येण्यासाठीच. मी दहा दिवस तारा ओढल्या. भिंतीच्या मधल्या भागात एका जागी ओलीचा डाग आला. पण इथे माझ्या विद्येची एक अडचण आहे. ओल जशी दिसते तशीच चिकणमातीही दिसते, आणि धरणाचा गाभा तर चिकणमातीचाच असतो. डाग गाभ्याचा की पाण्याने खाल्लेल्या वाटेचा, हे यंत्र सांगू शकत नव्हतं. मग मी काय केलं? पवळेकाकांच्या वह्या उघडल्या. उपचारानंतरची प्रत्येक नोंद: निर्मळ. माती वाहत नाही, म्हणजे डाग गाभ्याचाच. मी अहवालात तसं वाक्य लिहिलं आणि मोकळी झाले. यंत्राचा अहवाल एका माणसाच्या डोळ्यांवर टेकवला होता, आणि त्यात मला तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही.

काकांना मात्र वाटत होतं. कशाबद्दल ते त्यांनाच कळत नव्हतं. नोंद निर्मळ लिहायचे आणि तरीही फळियात दोन-दोन फेऱ्या मारायचे. शेवटी त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी दर तिसऱ्या दिवशीची एक बाटली खोक्यात बंद करून बाजूला ठेवायला सुरुवात केली. इंदूरच्या प्रयोगशाळेत पाण्यातले क्षार तपासून घ्यायचे होते, म्हणजे ते तलावातलंच आहे की दुसरीकडून येतंय ते कळलं असतं. नऊ बाटल्या झाल्या. ते त्या घेऊन इंदूरला गेले तर प्रयोगशाळेला दिवाळीची सुट्टी. मग बाटल्या देवासला, घरी. थंड जागा म्हणून देवघराच्या शेजारच्या फळीवर ओळीने ठेवल्या, आणि धरणावर परतण्याच्या गडबडीत कुणाला काही सांगायचं राहून गेलं.

कार्तिकी पौर्णिमेला त्यांच्या घरी सत्यनारायण असायचा. मला आग्रहाचं बोलावणं होतं. "ये, कारखानी लोकांना दरबारी शिरा खाऊ घालतो." मी सकाळी गेले तेव्हा काका रेशमी सोवळं नेसून चौरंगासमोर पाटावर होते. बसलेले! मी फोटो काढणार होते. पण ते बसणं कसलं, एक गुडघा सारखा वरखाली, हातातल्या पळीचा ताम्हनावर टकटक आवाज. भटजी दोनदा म्हणाले, "यजमान, जरा स्थिर." काकूंनी मागून बजावलं, "आजच्या दिवस तरी वन्संना विसरा."

काकू त्या दिवशी भलत्याच खुशीत होत्या. तीस वर्षं त्या नवऱ्याला सांगत आल्या होत्या, इतके नर्मदेकाठी राहता, पूजेला एक बाटली पाणी आणा. तीस वर्षं ते विसरले होते. आणि या वर्षी देवघराशेजारी नऊ बाटल्या, चिठ्ठ्यांवर तारखा घालून! काकूंनी मला कानात सांगितलं, "उशिरा का होईना, सुचलं हो." एक बाटली त्यांनी पूजेत घेतली होती. पंचामृताचं स्नान झालं, आणि शुद्धोदकासाठी भटजींनी अजून पाणी मागितलं, तेव्हा काकूंनी ती बाटली चांदीच्या बाळकृष्णावर शेवटच्या थेंबापर्यंत उपडी केली.

बाळकृष्णाच्या डोक्यावरून एक करडा ओघळ खाली आला.

"वहिनी, पाण्यात माती आहे हो," भटजी म्हणाले.

"नर्मदेचं आहे ते," काकू म्हणाल्या, जरा दुखावून.

काकांचा गुडघा थांबला. त्यांनी बाटलीच्या गळ्याची चिठ्ठी पाहिली. मग बाळकृष्णाच्या खांद्यावरून एक बोट फिरवलं, अंगठ्याने चोळलं आणि ते बोट जिभेला लावलं. सगळ्या पाहुण्यांसमोर, सोवळ्यात, नैवेद्याच्या आधी. भटजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला.

"तलावाचा गाळ तांबडा असतो," काका कुणाकडेच न पाहता म्हणाले. "ही काळी आहे. गाभ्याची आहे."

ते उठले. उरलेल्या आठ बाटल्यांपाशी गेले, समई उचलून त्यांच्या मागे धरली. मी शेजारी जाऊन उभी राहिले. प्रत्येक बाटलीच्या तळाशी एक करडा थर होता, नखाएवढा पातळ. वरचं पाणी आरशासारखं. सगळ्यात आधी भरलेल्या बाटलीत थर सगळ्यात पातळ होता. सगळ्यात शेवटी भरलेल्या, म्हणजे सगळ्यात कमी दिवस निवळलेल्या बाटलीत सगळ्यात जाड.

मला समजायला थोडा वेळ लागला. त्यांना एका क्षणात समजलं होतं. ही माती इतकी बारीक आणि विरळ होती की ती पाण्यात दिसत नव्हती आणि एका दिवसात खाली बसतही नव्हती. तिला आठ-दहा दिवस लागत होते. आणि पवळेकाका रोज संध्याकाळी पाणी पाहून, निर्मळ लिहून, तुळशीला घालत होते. या नऊ सोडल्या तर इतक्या वर्षांत एकही बाटली त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवली नव्हती. जो माणूस स्वतः कधी बसला नाही, त्याने मातीलाही बसायला वेळ दिला नव्हता. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा, कारण माझं वाक्य त्या शब्दावर उभं होतं.

"कैलास भियाला गाडी काढायला सांग," ते म्हणाले.

"अहो, कथा व्हायचीय!" काकू पुढे आल्या. "यजमान उठला तर... तीर्थ नाही, प्रसाद नाही. कथेतच सांगितलंय काय होतं ते. असे कसे निघता?"

"तिथे झमकूबाई खाटेवर आहे," काका म्हणाले.

काकूंना झमकूबाई कोण हे ठाऊक नव्हतं. त्या नवऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहत राहिल्या, मग आत गेल्या आणि पेढ्यांचा रिकामा खोका घेऊन आल्या. त्यात त्यांनी आठ बाटल्या उभ्या केल्या आणि मधल्या फटींत पूजेची धुतलेली उपरणी कोंबली. डोळ्यांत पाणी होतं, पण हात भराभर चालत होते. तो प्रवास मी कधी विसरणार नाही. खोका काकांच्या मांडीवर, दोन्ही हात त्याभोवती. "जल्दी चल, कैलास," म्हणायचे, आणि गाडीने वेग घेतला की, "अरे धीरे! थर हलेल!" थर हलला तर पुरावा गेला, आणि उशीर झाला तर काय जाईल ते बोलायची सोय नव्हती. देवास ते धार हा माणूस घाई आणि सावधपणा यांच्यात उभा कापला जात होता. इंदूरच्या रहदारीत गाडी थांबली तेव्हा त्यांनी दार उघडलं. "मी चालत जातो," म्हणाले. मी त्यांचं उपरणं धरून ठेवलं.

सुट्टीच्या दिवशीही मोठे साहेब धारच्या कार्यालयात असायचे. तिथे रेशमी सोवळ्यातला, कपाळाला गंध लावलेला माणूस पेढ्यांचा खोका घेऊन शिरला तेव्हा त्यांना वाटलं, मुलीचं लग्न ठरलं. ते हसून उठले. काकांनी आठ बाटल्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि हसू गेलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. हुशार होते, आणि म्हणूनच त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण असायचं. "पवळे, ये ग्राउटिंग का सीमेंट है. थोड़ा तो निकलेगा."

काकांनी एक बाटली उचलली, वरचं पाणी हलकेच कुंडीत ओतलं आणि तळाचा थर बोटाने काढला. टेबलाच्या काचेवर तळहाताखाली तो हळूहळू वळायला लागले. पाटावर शेवया वळतात तशी एक करडी, बारीक, न तुटणारी शेवई तयार झाली. सिमेंटची शेवई होत नाही. ते साहेबांनाही महाविद्यालयात शिकवलेलं होतं.

मग त्यांनी कपाटातून नोंदींच्या प्रती काढल्या. "आपने लिखा है, निर्मल. रोज़ लिखा है. मैं तालाब खाली करूँ तो किसान मेरे दरवाज़े पर होंगे. गेहूँ का पानी है. किसकी मानूँ, रजिस्टर की या शीशी की?"

"साहब, रजिस्टर झूठा है," काका म्हणाले. "रजिस्टर मैंने लिखा है."

"लिखकर देंगे?"

"पेन दीजिए."

"सोच लीजिए पवळे. चार-पाँच महीने बचे हैं आपके."

मी मध्येच म्हणाले, माझाही अहवाल मी मागे घेते. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. काका भिंतीपाशी गेले होते, कागद भिंतीला लावून लिहीत होते.

त्या संध्याकाळीच पाणी सोडायला सुरुवात झाली. फळियातली माणसं शाळेत हलवली. तलाव उतरत होता ते दिवस काका धरणावरून हलले नाहीत. सोवळं नेसूनच ते पहिले दोन दिवस फिरत होते, कैलासने शेवटी मनावरहून पायजमा आणून दिला. वन्संचा आकडा सतत चढत होता, आणि एका दुपारी तो झपाट्याने खाली आला. मला वाटलं, सुटलो. काका मात्र पायथ्याकडे धावत सुटले. "वन्सं गप्प झाल्या," म्हणाले. आत वाट मोकळी झाली होती. पायथ्याच्या दगडांतून पाणी उसळलं, या वेळी उघड उघड गढूळ. तोवर तलाव बराच उतरला होता म्हणून ते उसळणं तेवढ्यावर राहिलं. आधी वाळू, तिच्यावर खडी, तिच्यावर दगड असे थर टाकत लोकांनी ती जागा दाबली. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. काका कंबरभर पाण्यात उभे राहून पाट्या घेत होते.

नंतर खोदलं तेव्हा माझ्या डागाच्या जागीच पोकळी निघाली. माझा हात खांद्यापर्यंत आत गेला. आतली माती थंड आणि लोण्यासारखी मऊ होती. हात बाहेर काढल्यावर मी तिथेच खाली बसले आणि मला रडू आलं.

यानंतर सत्कार झाला असेल असं वाटेल. धरण फुटलं नाही, त्यामुळे काही झालंच नव्हतं. गव्हाला मिळायचं पाणी मात्र नदीला गेलं होतं, ते सगळ्यांना दिसत होतं. कुक्षीच्या बाजारात काकांना शेतकऱ्यांनी घेरलं. "शीशीवाले ने हमारा पानी बहा दिया." त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांची रब्बी गेली होती. काका उत्तर न देता ऐकत उभे राहिले. चौकशी बसली. खोट्या नोंदी केल्याचा कबुलीजबाब त्यांच्याच अक्षरात होता. काकांनी आणखी एक उद्योग केला. उपचारानंतरच्या प्रत्येक पानावरचा "निर्मळ" लाल शाईने खोडला आणि पुढे लिहिलं, "घाईने पाहिले. पवळे." मी म्हटलं, "काका, कशाला? लिहून दिलंत ना एकदा." ते म्हणाले, "पुढचा माणूस वही वाचेल की. तूच नाही का वाचलीस?"

निवृत्तीच्या दिवशी त्यांना हारसुद्धा मिळाला नाही. चौकशी पुढे ताकीद देऊन मिटली, पण ते सगळं त्यांच्यामागे देवासला गेलं. काकूंनी अर्ध्या राहिलेल्या पूजेची खडीसाखर डबीत घालून ठेवली होती. कधीही दिली की काका म्हणायचे, "राहू दे. अजून कळलं नाही." काय कळायचं होतं ते काकूंना समजेना. त्या मला फोनवर म्हणाल्या, "घरात नुसते येरझारा घालतात ग. फरशी झिजली."

गेल्या कार्तिकात धरण दुरुस्तीनंतर पहिल्यांदा पूर्ण भरलं. खाचेपाशी आता पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्र बसवलंय, आकडा थेट धारला जातो. ते पाहायला मी गेले होते. खिडकी रिकामी होती, आणि खुर्चीवर एक नवा उपयंत्री बसलेला होता. परतताना फळियाजवळ कैलासने गाडी हळू केली. झमकूबाईच्या अंगणात पवळेकाका उभे होते.

देवासहून पहाटेची बस पकडून, गाड्या बदलत ते आले होते. म्हातारीच्या भिंतीतल्या कोनाड्यात, त्यांनी मागच्या खेपेला खाचेखाली भरून ठेवलेल्या तीन बाटल्या होत्या. तिला लिहिता येत नव्हतं म्हणून चिठ्ठ्यांऐवजी बाटल्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यांना गाठी होत्या, दिवसाला एक. काकांनी गाठी मोजल्या.

"हलाया तो नहीं ना?"

"हाथ नी लगायो, बाबूजी. दस दन हुई गया. छोरा-छोरी ने भी नी लगावा दियो."

त्यांनी बाटली उचलली, इतकी हळू की मला वाटलं ती उचललीच नाही. उन्हात धरली. मी कुंपणाशी होते, तिथूनही तळ दिसत होता. काच आणि पलीकडचं ऊन, बाकी काही नाही. तरी त्यांनी बाटली खाली घेतली नाही. दुसरी धरली, तिसरी धरली, पुन्हा पहिली धरली.

"बठो नी, बाबूजी," झमकूबाई म्हणाली.

ते खाटेच्या काठावर बसले. बाटलीचं बूच काढून त्यांनी उजव्या तळहाताचा द्रोण केला, त्यात ते पाणी थोडं ओतलं, डोळे मिटून तीर्थासारखं प्यायले, आणि ओला हात डोक्यावरून मागे फिरवला. मग खिशातून काकूंची डबी काढली. एक खडा तोंडात टाकला, एक झमकूबाईच्या हातावर ठेवला.

खडा विरघळेपर्यंत ते बसून होते. मग उठले, आणि बस चुकेल म्हणून झपाझप रस्त्याला लागले.